बर्फ नसलेल्या गावात बर्फाचे धडे

डिसेंबर उजाडला की शाळांमधून हिवाळी शिबिरांची लगबग सुरू होते. पुण्या-मुंबईच्या शाळांची मुले बसगाड्या भरभरून जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत येतात. कुणी माणिकडोहच्या जलाशयाकाठी तंबू ठोकतात, कुणी नाणेघाटाच्या पठारावर जातात, कुणी डिंभे धरणापलीकडे भीमाशंकरच्या बाजूला. अलीकडे या शिबिरांत 'निसर्गात तग कसा धरावा' असा एक तास हमखास असतो. आठवी-नववीच्या मुलांना तो फार आवडतो, आणि आवडावा असाच तो विषय आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिराला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. जलाशयाच्या काठाशी, अगदी सखल जागी, तंबूंची रांग होती. प्रशिक्षक मुलांना विचारत होते, "बर्फाच्या वादळात सापडलात तर काय कराल?" मग बर्फात खड्डा खणून आत कसे बसायचे, याचे चित्र फळ्यावर निघाले. जवळच्या वाडीतली चार मुले अंगाभोवती चादरी गुंडाळून हे सगळे लांबून पाहत उभी होती. दिवेलागणीला त्यांतला एक मुलगा धीर करून पुढे आला आणि म्हणाला, "सर, तंबू वरच्या अंगाला घ्या. इथं खाली हीव लय पडतं." प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचा तास सुरू केला. पहाटे तंबू आतून-बाहेरून ओले होते आणि निम्मी मुले कुडकुडत उठून बसली होती.

त्या मुलाचे म्हणणे बरोबर होते. ते का बरोबर होते हे सांगणे म्हणजेच विज्ञान. पण त्या तासात त्याला जागा मिळाली नाही. न पडणाऱ्या बर्फाला मात्र मिळाली. आमची या शिबिरांबद्दलची तक्रार एवढ्यात सांगून होते. तरी ती नीट तपासून पाहू.

पत्रकात काय असते?

शिबिरांत वाटली जाणारी दहा-बारा माहितीपत्रके आमच्याकडे जमली आहेत. त्यांत दोरीच्या गाठी असतात, प्रथमोपचार असतात, स्वतःचे ताट स्वतः घासण्याची शिस्त असते. हा भाग उत्तम आहे. घराबाहेर दोन रात्री काढल्याने मुलांत जो मोकळेपणा येतो, तो वर्गात वर्षभरात येत नाही, हेही आम्ही मान्य करतो. अडचण 'तग धरण्या'च्या पानांपासून सुरू होते. शेवाळावरून उत्तर दिशा ओळखा, घड्याळावरून दक्षिण काढा, काटक्या घासून अग्नी पेटवा, जाळ करून श्वापदे दूर ठेवा, अशा सूचना एकामागोमाग एक येतात. का आणि कुठे, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

या सूचनांची वंशावळ शोधणे कठीण नाही. बेडन-पॉवेल यांचे स्काउटिंगवरचे प्रसिद्ध पुस्तक १९०८ साली इंग्लंडमध्ये निघाले आणि तिथून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना १९५० साली स्थापन झाली, तिने ती शाळाशाळांत पोचवली. त्यात पुढे दूरचित्रवाणीची भर पडली. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' ही मालिका २००६ साली सुरू झाली आणि किडे खाणारा, कड्यावरून उतरणारा तिचा नायक आपल्या मुलांच्याही ओळखीचा झाला. २००७ साली असे उघड झाले की चित्रीकरणाच्या काळात काही रात्री हा नायक हॉटेलात राहिला होता. त्यानंतर, काही प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले असतात, अशी सूचना कार्यक्रमाला जोडावी लागली. शिबिरांच्या पत्रकांवर मात्र तशी सूचना अजून कुणी छापलेली नाही.

परदेशातून आलेले ज्ञान वाईट, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. उष्णतेचे नियम युकॉनमध्ये आणि जुन्नरमध्ये एकच आहेत. पण नियम एक असले तरी परिस्थिती बदलली की निष्कर्ष बदलतो. हीच तर विज्ञानाच्या शिक्षकाने शिकवायची गोष्ट!

दिशा : शेवाळ, घड्याळ आणि सूर्य

पहिली सूचना घ्या. 'झाडाच्या उत्तर अंगाला शेवाळ असते.' इंग्लंडसारख्या देशात सूर्य सदैव दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे खोडाची उत्तर बाजू सावलीत आणि ओलसर राहते. तिथेही हा नियम पक्का नाही. शेवाळाला दिशा कळत नाही, ओल कळते. आपल्या सह्याद्रीत चार महिने पाऊस झोडपतो तेव्हा खोडे सगळीकडून हिरवी होतात आणि डिसेंबरपर्यंत ते शेवाळ वाळून तपकिरी पडते. त्यावरून उत्तर शोधणारा मुलगा कुठेही पोचेल.

दुसरी सूचना घड्याळाची. तास काटा सूर्याकडे करायचा. तो काटा आणि बाराचा आकडा यांच्यामधल्या कोनाचा दुभाजक दक्षिण दाखवतो. डिसेंबरात, सूर्य बराच वर आलेला असताना, ही युक्ती आपल्याकडे साधारण चालते. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते आणि जुन्नर आहे सुमारे ७३.९ अंशांवर. म्हणून डिसेंबरअखेर जुन्नरला खरी माध्यान्ह होते ती १२ वाजता नव्हे, तर सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुन्नरचा अक्षांश सुमारे १९.२ अंश. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला नसतो, उत्तरेला असतो! हिवाळ्यात शिकलेली युक्ती मुलाने पुढच्या जूनमध्ये वापरली तर ती त्याला बरोबर उलट्या दिशेला नेईल.

तिसरी सूचना तर पाठ्यपुस्तकातूनच आलेली : सूर्य पूर्वेला उगवतो. २२ डिसेंबरच्या सुमारास जुन्नरला सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्याला नेमकी पूर्व समजून सरळ चालत गेलेला मुलगा किलोमीटरभरातच चारशे मीटरांहून अधिक बाजूला जातो. डोंगरात एवढ्या अंतरात खिंड चुकते आणि माणूस कड्यावर जाऊन उभा राहतो.

रात्रीचे काय? पत्रके सांगतात, सप्तर्षींवरून ध्रुवतारा शोधा. पण डिसेंबरअखेर जुन्नरमध्ये सप्तर्षींचे सातही तारे क्षितिजावर यायला मध्यरात्र उलटते. संध्याकाळी उत्तरेला दिसते ती शर्मिष्ठा. आणि ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ही त्या जागेच्या अक्षांशाएवढी असते. लंडनमध्ये तो ५१ अंशांवर, म्हणजे चांगला वर दिसतो. आपल्याकडे तो जेमतेम १९ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींच्या आत! दरीत तंबू असेल तर तो उत्तरेच्या डोंगराआड लपलेला असण्याचाच संभव अधिक.

मग आपल्या हिवाळ्याचा खरा वाटाड्या कोण? मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे, ज्यांना आपल्याकडे व्याधाचा बाण मानतात. ते खगोलीय विषुववृत्ताला लागून आहेत, म्हणून ते जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात आणि नेमके पश्चिमेला मावळतात. डिसेंबरअखेर ते सायंकाळी उगवतात आणि पहाटे मावळतात. संपूर्ण रात्रभर पुरणारे हे होकायंत्र एकाही पत्रकात आम्हाला आढळले नाही.

थंडी म्हणजे नेमके काय?

'पारा शून्याखाली गेला की धोका' अशी समजूत पत्रकांनी करून दिलेली असते. जुन्नर-आंबेगावात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली जातो, शून्यावर जात नाही. म्हणून शिक्षकही निर्धास्त असतात. पण शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाण्याचा विकार, ज्याला आपण अतिशीतता म्हणू, हवा गोठणबिंदूच्या बऱ्याच वर असतानाही होऊ शकतो. त्याला लागतात फक्त ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम घाम सुकायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. जीवधनची चढण चढून आलेल्या मुलाच्या बनियनमध्ये १०० ग्रॅम घाम आहे असे समजा. तो सुकायला ५८ किलोकॅलरी हव्यात, आणि बनियन अंगाला चिकटलेला असेल तर त्यांतल्या बऱ्याचशा शरीरातूनच जातात. स्वस्थ बसलेल्या ४० किलो वजनाच्या मुलाचे शरीर तासाभरात साधारण तेवढीच उष्णता निर्माण करते. म्हणजे एक ओला बनियन शरीराची तासाभराची कमाई फस्त करतो! सूर्यास्ताआधी घामट कपडे बदलणे ही शिबिरातली सर्वांत मोठी तग धरण्याची विद्या आहे. ती फळ्यावर काढायला चित्र लागत नाही म्हणूनच की काय, ती शिकवली जात नाही.

दुसरी गळती जमिनीतून. मुले अंगावर दोन पांघरुणे घेतात आणि खाली एक पातळ सतरंजी. अंगाखाली दबलेल्या कापडातली हवा निघून जाते आणि हवेविना कापडाचा उपयोग फार थोडा. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते, म्हणून तीच सतरंजी दवाने ओली झाली की संपलेच.

आता या भागातल्या घरांत काय वापरतात ते पाहा. पश्चिम पट्ट्यात भात निघाल्यावर पेंढा मुबलक असतो. पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ, आणि काड्यांच्या मध्ये पुन्हा हवा. वीतभर पेंढ्यावर घोंगडी अंथरली की जमिनीची थंडी वर येत नाही. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थरावर थर. प्रत्येक दोन थरांत हवेचा एक पापुद्रा. घोंगडीच्या कुरळ्या लोकरीत थोडी ओल आली तरी हवा टिकून राहते. हा सगळा उष्णतावहनाचा धडा आहे आणि तो शिबिराच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर घराघरांत अंथरलेला असतो.

अतिशीततेची लक्षणे मात्र प्रत्येक शिक्षकाला तोंडपाठ हवीत. आधी जोराची थरथर. मग बोलणे जडावते, पाय अडखळतात, मूल चिडचिडे किंवा सुस्त होते, साधी बटणे लावता येत नाहीत. थरथर थांबली आणि मूल तरी गारच आहे, तर ते बरे होत नसून बिघडत आहे असे समजावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खालून-वरून पांघरुणे द्यावीत, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय पाजावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातपाय चोळू नयेत, एकदम आगीजवळ नेऊ नये. दारूचा घोट तर मुळीच नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

तंबू कुठे लावायचा?

आता त्या वाडीतल्या मुलाकडे वळू. 'जसजसे उंच जावे तसतशी हवा थंड' हे भूगोलात शिकवलेले असते आणि दिवसा ते खरे असते. निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी रात्री चित्र उलटते. कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता आकाशाकडे प्रारित होते. जमीन थंड, तिला टेकलेली हवा थंड. थंड हवा जड, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि सखल भागात साचते. दरीच्या तळाशी थंड हवेचे तळे होते आणि उतारावर थोडे वर त्यामानाने उबदार पट्टा राहतो. यालाच तापमानाची व्युत्क्रमणता म्हणतात. 'इथं खाली हीव लय पडतं' या वाक्यात ती सगळी आली. थंडीच्या लाटेत पहाटे बागेत धूर करणाऱ्या द्राक्षबागाईतदाराला विचारा; बागेचा कुठला कोपरा आधी करपतो हे तो बोट दाखवून सांगेल.

आणखी एक समजूत. 'रात्री झाडाखाली झोपू नये, झाडे कार्बन डायऑक्साइड सोडतात.' उघड्या हवेत तो वायू तिथल्या तिथे पसरून जातो. बंद तंबूत दाटीने झोपलेल्या आठ मुलांच्या श्वासांची काळजी त्याहून जास्त करायला हवी. उलट पानांचे छत जमिनीची प्रारित उष्णता अडवते, म्हणून झाडाखाली दव कमी पडते. खात्री करायची तर उघड्यावर लावलेली मोटार आणि झाडाखालची मोटार यांच्या टपांवरून पहाटे हात फिरवून पाहा. झाड टाळायचेच तर वाळकी फांदी, मुंग्यांचे वारूळ आणि मोहोळ पाहून टाळावे.

आडोशाच्या बाबतीत या भागात दोन हजार वर्षांची शाळाच उभी आहे. जुन्नरच्या आसपास दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्रीची लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत. २२ डिसेंबरला जुन्नरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेला असतो. त्याची तिरीप आत येते. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर, तोही किंचित उत्तरेला. कोरणाऱ्यांनी हा हिशेब केला होता असे आम्ही म्हणत नाही. पण मुलांना कोनमापक घेऊन तिथे उभे करा, ते स्वतः हिशेब करतील. नाणेघाटात सातवाहनांच्या काळच्या लेण्याशेजारी वाटसरूंसाठी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ओढे आटल्यावर पाणी कुठे, या प्रश्नाचे ते या डोंगराने दिलेले उत्तर आहे. पत्रकात त्याऐवजी बर्फ वितळवून पाणी कसे करावे ते सांगितलेले असते.

जागा निवडणे हा खेळ नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरड कोसळून गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ती आपत्ती पावसाळ्यातली. पण डोंगराचा उतार वाचायला शिकायचे असेल तर हिवाळ्यात, तो कोरडा आणि उघडा असताना, शिकता येते.

शेकोटीचे दोन धोके

बर्फाळ प्रदेशात अग्नी म्हणजे प्राण. तिथले पुस्तक आग पेटवण्यावर पानेच्या पाने खर्च करते ते योग्यच आहे. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर गवत वाळते आणि पठारेच्या पठारे पिवळी पडतात. इथे आग पेटवणे सोपे, विझवणे अवघड. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की वणवा. आमच्या पत्रकांपैकी एकातही शेकोटीभोवतालचे गवत काढून जमीन मोकळी करावी, जवळ पाणी आणि हिरवे डहाळे ठेवावेत, निजण्यापूर्वी राख ओली करून हात लावून पाहावी, हे नव्हते. भीमाशंकर हे १९८५ सालापासून अभयारण्य आहे. तिथे शेकोटी आणि सरपण ही मुळात परवानगीची बाब आहे, हेही नव्हते.

दुसरा धोका दिसत नाही. पहाटे थंडी वाढली की निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा खोलीत घ्यायचा मोह होतो. आम्ही गेलो होतो त्या शिबिरातही एका तंबूत ती पोचली होती. एका शिक्षिकेच्या वेळीच लक्षात आले म्हणून बरे. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे समजणे हीच चूक. एकाच तंबूतल्या दोन-तीन मुलांचे डोके एकदम दुखू लागले तर सर्वांना आधी उघड्यावर आणावे, मग कारण शोधावे. आमच्या मते या एका परिच्छेदासाठी बर्फातल्या खड्ड्यांची सगळी पाने काढून टाकायला हरकत नाही.

बिबट्याचा धडा

'जाळ केला की श्वापदे येत नाहीत' ही सूचना या भागात विशेष जपून घ्यायला हवी, कारण जुन्नरचा बिबट्या जंगलापुरता राहिलेला नाही. तो उसात राहतो. उसाला आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या आहेत. म्हणजे घनदाट जंगल धोक्याचे आणि गावाजवळचे शेत सुरक्षित, ही पत्रकातली विभागणी इथे निकामी ठरते.

इथे एक उत्तम अभ्यास झालेला आहे. लोकांच्या मागणीवरून जुन्नर वनविभागात बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. उपाय म्हणून जे केले त्याने दुखणे वाढले! 'बिबट्या जंगलात सोडा' हे कुणालाही पटेल असे उत्तर होते. मोजून पाहिल्यावर ते चुकीचे निघाले. विज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण कुठून आणणार?

शिबिरापुरती खबरदारी साधी आहे. अंधार पडल्यावर कुणी एकट्याने बाहेर जायचे नाही, शौचालाही नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस लहान दिसतो. विजेरी हवी, मोठ्याने बोलत जावे, उसाच्या कडेने रात्री फिरू नये. दिवसाचा धोका बिबट्याहून लहान, पण जास्त नेमाचा आहे : कड्यांवरची आग्या मोहोळे. लेण्यांजवळ धूर, दगडफेक, उग्र अत्तर टाळावे. माश्या उठल्याच तर तोंड झाकून झपाट्याने दूर जावे, बंद जागेत शिरावे आणि रुतलेले काटे लगेच खरवडून काढावेत.

तग कोण धरतो?

आता आम्हाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. शिबिराला येताना नारायणगाव-मंचरच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या ओलांडत मुलांची बस येते. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तेव्हा भरात असतो. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसतात. बांबू, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. या कोप्यांत शिबिरातल्या मुलांच्याच वयाची मुले सगळा हिवाळा काढतात. पहाटे अंधारात आईबाप कोयता घेऊन फडात जातात. मागे चूल पेटवायची, धाकटे भावंड सांभाळायचे, पाणी आणायचे ते या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी. थंडी, आग आणि बिबट्या, तिन्ही गोष्टी त्यांच्या दारात. बिबट्याच्या हल्ल्यांत अशा वस्त्यांवरची लहान मुले दगावली आहेत.

एकाच आभाळाखाली, दोन-चार किलोमीटरच्या अंतरात, एक मुलगा दोन रात्रींचे शुल्क भरून 'तग धरायला' शिकतो आणि प्रमाणपत्र घेऊन जातो; दुसरा चार-पाच महिने तग धरतो आणि त्याची शाळा बुडते. हे शिबिर घेणाऱ्यांचे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण शिबिराच्या तासात दुसऱ्या मुलाचा उल्लेखही नसावा, हे आम्हाला शिक्षणातले व्यंग वाटते. थंडी हा पहिल्याला साहस म्हणून शिकवला जाणारा विषय आहे आणि दुसऱ्याला कुणीही न विचारलेला प्रश्न.

यातून दुसऱ्या टोकाला जाऊन, 'गरीब मुले काटक असतात, त्यांना थंडी वाजत नाही' असेही म्हणू नये. शरीराचे गणित सर्वांना सारखे आहे. ओला बनियन कोपीतल्या मुलाकडूनही तेवढीच उष्णता घेतो. त्याला जे ठाऊक आहे ते ज्ञान आहे. त्याच्याकडे जे नाही, म्हणजे कोरडे अंथरूण, बंद होणारे दार आणि शाळा, तो त्याचा हक्क आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कौतुक करून हात झटकता येतात. शिक्षकाने ते करू नये.

मग शिबिरात काय करावे?

टीका करून थांबणे बरे नव्हे. खर्च न वाढवता करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

एक, सहा साधे तापमापक न्या. जलाशयाकाठी, उतारावर, झाडाखाली, उघड्यावर, तंबूत आणि पेंढ्याखाली ते ठेवा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत मुलांनी पाळीपाळीने, मोठ्यांच्या सोबतीने, दर दोन तासांनी नोंदी घ्याव्यात. सकाळी आलेख काढून मग ठरवावे, तंबू कुठे हवा होता.

दोन, पत्रकातली प्रत्येक सूचना मुलांकडून तपासून घ्या. सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत काठीची सावली मोजून खरी उत्तर काढा. ती घड्याळाशी आणि होकायंत्राशी ताडून पाहा. जी सूचना इथे टिकत नाही ती खोडा आणि बाजूला कारण लिहा. असे खोडलेले पत्रक हेच शिबिराचे प्रमाणपत्र.

तीन, गावातल्या एखाद्या आजींना, मेंढपाळाला, बागाईतदाराला तासाभरासाठी शिक्षक म्हणून बोलवा आणि बाहेरच्या तज्ज्ञाला देतो तेवढेच मानधन द्या. त्यांचेही प्रत्येक म्हणणे तपासा. आदर आणि तपासणी यांत विरोध नाही.

चार, जवळच्या शाळेतली मुले बघे म्हणून उभी राहू नयेत, गटात असावीत. एका गटात निम्मी इथली, निम्मी तिथली. हंगामात कोपीवरची मुले त्या शाळेत येतात का, हे शिक्षकांनी शिक्षकांना विचारावे. नाव पटावर चढवणे हेही तग धरायला मदत करणेच आहे.

येत्या हिवाळ्यात आपली शाळा या बाजूला येणार असेल, तर तंबू ठोकण्यापूर्वी वाडीतल्या एखाद्या मुलाला विचारा, "हीव कुठे कमी पडते?" तो वर बोट दाखवील. तिथे तंबू लावा. एक तापमापक मात्र खाली पाण्याकाठी ठेवून द्या आणि सकाळी दोन्ही आकडे त्या मुलालाच वाचायला सांगा.